पितृपक्षातलं बंड

माझ्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरी आली तेव्हा तिच्यात लग्नाखेरीज बरंच काही निघालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणी झाली, आई रडली, आणि मग एकाएकी पडद्यावर आमच्या नवीन पनवेलचा रिकामा रस्ता आला. रुंदच्या रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना एका छापातून काढलेल्या चार मजली इमारती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कॅमेरा सावकाश एका इमारतीवरून दुसरीवर फिरत होता. सगळ्या खिडक्यांना सारखे गज, सगळ्या गॅलऱ्यांत सारखं वाळत घातलेलं. आई म्हणाली, "हे काय गं? आपले पुण्याचे पाहुणे कुठं गेले?"

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तळोज्याला कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करत होते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा स्टुडिओ जुन्या पनवेलात होता. त्याला सगळे भाई म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या पनवेलात राहिलेलं कोकणी मुसलमान घर. बरीच वर्षं आखातात नोकरी करून तो परत आला होता आणि येताना खांद्यावर ठेवायचा भलामोठा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला होता. त्या कॅमेऱ्यावर त्याचा इतका जीव, की लग्नात त्याला जेवायला बसवलं तरी तो कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी स्टुडिओत गेले. म्हटलं, "भाई, कॅसेटच्या शेवटी दुसरंच काहीतरी राहिलंय चुकून."

"चुकून नाही, ताई," तो म्हणाला. "कॅसेट थोडी शिल्लक होती आणि मला रिक्षा मिळेना. उभ्या उभ्या घेतलं. पण बघा ना, तसंच वाटतं की नाही? सगळ्यांना घरात बसायचा हुकूम झालाय आणि सगळे बसलेत."

मग त्यानं मला बसवून घेतलं आणि सांगायला लागला. आखातात ते एका मोठ्या खोलीत दाटीवाटीनं राहायचे, आणि सुट्टीच्या दिवशी भाड्यानं कॅसेट आणून सिनेमे बघायचे. त्याला एका प्रकारच्या सिनेमांचं वेडच लागलं होतं. पुढच्या काळातलं कुठलंतरी जुलमी सरकार, एकसारखे कपडे घालून मान खाली घालून चालणारी माणसं, भिंतीवरच्या भोंग्यांतून येणारे हुकूम, आणि मग एके दिवशी कुणीतरी नाही म्हणतं.

"असा सिनेमा आपल्याला काढता येईल," तो म्हणाला. "सामान सगळं आहे. तुमची कॉलनी आहे, तळोज्याच्या चिमण्या आहेत, खारघरच्या बाजूला बांधून नुसते सोडून दिलेले रस्ते आहेत. फक्त गोष्ट नाही. तुम्ही लिहिता, असं तुमच्या आई लग्नात सगळ्यांना सांगत होत्या."

माझी एकच कथा एका दिवाळी अंकात छापून आली होती. पण आईनं ती लग्नात व्याह्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कानावर घातली होती. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यानं विचारल्यापासून मला बसवत नव्हतं.

गोष्टीसाठी तो आमच्याच घरी आला. आईनं पोहे केले. आमचं अडलं ते एकाच ठिकाणी. सरकार जुलमी, हे ठीक. पण ते बंदी कशावर घालतं? मी म्हटलं, गाण्यावर. भाई म्हणाला, ते सगळेच करतात. मग त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तिकडे सगळ्यात अवघड काय होतं सांगू, ताई? ऊन नाही, काम नाही. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे. माझे वालिद वारले तेव्हा मी सुट्टी मागितली. साहेब म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, का? विचारलं नाही. विचारणाऱ्याचं काय होतं ते बघितलं होतं."

आईनं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. 

तिथंच आमचं सरकार ठरलं. त्या देशात प्रश्न विचारायला बंदी. 'का' हा शब्द उच्चारला की कैद. माणसं फक्त उत्तरं देत जगतात, आणि एक दिवस पाण्याच्या रांगेत उभी असलेली एक बाई विचारते, "का?"

आमचं हे चाललं असताना बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. ते नुकतेच मंत्रालयातून निवृत्त झाले होते. सगळी हयात त्यांनी परिपत्रकं काढण्यात घालवली होती आणि आता दिवसभर काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. एकच पेपर ते सकाळी आणि दुपारी असा दोनदा वाचायचे. ते दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्या सरकारचा हुकूम कोण लिहिणार आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "'प्रजाजन हो, खबरदार!' अशी सुरुवात केलीय."

"अगं, कुठलं सरकार असं बोलतं? घाबरणार कोण त्याला?" त्यांनी चष्मा पुसला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लिहून घे. सर्व नागरिकांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, प्रश्न विचारण्याची प्रवृत्ती अलीकडे वाढीस लागल्याचे शासनाच्या निदर्शनास आले आहे. सबब, यापुढे कोणीही कोणत्याही प्रकारचा प्रश्न उपस्थित करू नये. केल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल."

माझ्या अंगावर काटा आला. भाई तर उठून उभाच राहिला. "काका," तो म्हणाला, "आपल्या सरकारचे सर्वाधिकारी तुम्हीच."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सरकारची पेन्शन खाता आणि सरकारविरुद्ध पिक्चर काढता?"

"विरुद्ध कुठं?" बाबा म्हणाले. "मी तर सरकारच्याच बाजूनं आहे."

गणपती गेले की तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, आणि पितृपक्षात तर शुभकार्याचं नावच नको. भाईला कामं नव्हती. तसाच आणखी एक रिकामा वर्ग पनवेलात होता, तो म्हणजे बँडवाले. भाईचं आणि एका बँडमास्तरांचं चांगलं जमायचं. दोघं वर्षभर एकाच वरातीत उलटे चालत असत, एक कॅमेरा घेऊन आणि एक काठी घेऊन. मास्तरांनी त्यांचा अख्खा ताफा आम्हाला दिला. त्यामुळे आमच्या जुलमी सरकारचं सैन्य लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर झिरमिळ्या आणि डोक्यावर तुरा अशा वेषात अवतरलं. सर्वाधिकाऱ्यांना खुद्द मास्तरांचा कोट मिळाला. तो बाबांना खांद्यात सैल व्हायचा. आईनं आतून टाके घालून दिले. पेन्शनचं तिनं पुन्हा काढलं नाही.

आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असायची. जुम्म्याची नमाज आटोपून भाई कॅमेरा घेऊन यायचा आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही शूटिंग करायचो. एकदा मात्र कामाच्या दिवशी तळोज्याला येऊन, आमच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीतून त्यानं शिफ्ट सुटताना घेतली. एकसारख्या खाकी कपड्यांतली माणसं फाटकातून ओळीनं बाहेर येतात, आणि सगळ्यांचे हात निळे. त्या दिवशी निळा रंग चालू होता, एवढंच कारण. पण टीव्हीवर ते बघताना मलासुद्धा भीती वाटली, आणि ती सगळी माणसं मी रोज डबा खाताना बघत होते. त्यातला एक जण कॅमेऱ्याकडे बघून हसला, तो तुकडा तेवढा कापावा लागला.

मुख्य भूमिका माझी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण लिहिताना मी ती माझ्याच मापानं लिहिली होती. आमच्या इमारतीमागच्या मैदानात बँडवाले बंदुका म्हणून काठ्या घेऊन उभे राहिले, मी हंडा कमरेवर घेतला आणि म्हटलं, "का?"

"कट," भाई म्हणाला. "ताई, शाळेत बाईंना विचारल्यासारखं नको."

पुन्हा केलं. पुन्हा कट. रागानं केलं, रडवेल्या आवाजात केलं, कुजबुजून केलं. दर वेळी भाई गोड बोलून मान हलवायचा. तेवढ्यात शेजारी कुणीतरी खळखळून हसलं. आमच्या कॉलनीत भाजी विकायला येणारी ओवे गावची मावशी टोपली खाली ठेवून मजेत बघत बसली होती. नाकात मोठी नथ, कासोटा घातलेलं लुगडं, आणि तिच्या तोंडाला लागायला आमच्या अख्ख्या इमारतीत कुणी धजत नसे.

"काय झालं मावशी?" मी विचारलं.

"कना नाय गो पोरी. तू इचारतेस का परवानगी मागतेस त्येच कलत नाय."

"मग तुम्ही दाखवा," भाई म्हणाला.

मावशी उठली. तिनं माझ्या कमरेवरचा हंडा घेतला, रांगेत उभी राहिली. बँडवाल्यांपैकी एकानं ठरल्याप्रमाणे दरडावलं, "मागे हो!" मावशीनं त्याला तुऱ्यापासून बुटापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाली, "कशाला?"

तो खरोखरच एक पाऊल मागे सरला.

मी लिहिलेला शब्द 'का' होता. पण 'का' विचारणारा उत्तराची वाट बघतो. 'कशाला' म्हणणाऱ्यानं उत्तर आधीच नाकारलेलं असतं. मी तिथल्या तिथे कागदावर खाडाखोड केली. भाईनं माझ्याकडे जरा बिचकत बघितलं, मी वाईट वाटून घेतेय की काय म्हणून. मी म्हटलं, "बघताय काय, घ्या ना शॉट!" मला तिची नक्कल करायची इतकी हौस आली, की पुढे आठवडाभर घरात मी प्रत्येक गोष्टीला "कशाला?" म्हणत होते. शेवटी आईनं लाटणं उगारलं.

आता राहिली होती ती मोठी रांग. भाईला शेकडो माणसं हवी होती. आम्ही ओळखीपाळखीत विचारलं. दुपारी शूटिंगला कोण येणार? मग भाई म्हणाला, माणसं जमतील तेवढी जमतील, आधी हुकमाचं दृश्य घेऊ. मास्तरांची एक रिक्षा होती, तिच्यावर कर्णा आणि बॅटरी बसवलेली. बाबा तिच्यात बसून कॉलनीतून फिरत हुकूम वाचणार, आणि भाई मागून स्कूटरवर बसून शूटिंग करणार, असं ठरलं. कर्णा बंद ठेवू, असं मी म्हटलं. पण भाई म्हणाला, इमारतींवर आपटून आवाज परत येतो तो मला पाहिजे. आणि बाबा म्हणाले, माइक चालू नसेल तर मला भावना येत नाही.

त्या आठवड्यात कुठेतरी पाण्याची मोठी वाहिनी फुटली होती. नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही कधी येईल ते कुणाला ठाऊक नसायचं. अशा शुक्रवारी दुपारी, लोक वामकुक्षी घेत असताना, लाल कोटातले माझे वडील खणखणीत आवाजात सांगत कॉलनीतून गेले: "सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, आज सायंकाळी पाच वाजता मैदानावर पाण्याचे वाटप करण्यात येणार आहे. प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीने रिकामे भांडे घेऊन शिस्तीत उभे राहावे. कोणीही कोणताही प्रश्न विचारू नये. हुकमावरून."

रिक्षाच्या टपामुळे त्यांचा कोट कुणाला दिसला नसावा. दिसला असता तरी तो आवाज ऐकून कुणी शंका घेतली नसती.

आम्ही पाचच्या आधी मैदानात पोचलो तर मला वाटलं काहीतरी अपघात झालाय. मैदान माणसांनी भरलं होतं. हंडे, कळशा, बादल्या, रंगाचे धुतलेले डबे, एकाच्या हातात तर लहान बाळाचा टब. आणि रांग! या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळसे घेत गेलेली. नरसाळ्याच्या चिंचोळ्या तोंडातून तेल पडावं तशी एकामागे एक माणसं येऊन मागे लागत होती. कुणी ढकलाढकली करत नव्हतं. मोठ्यानं कुणी बोलतही नव्हतं.

"ताई," भाई हळूच म्हणाला, "तुम्ही एवढी माणसं कुठून आणली?"

"मी नाही आणली," मी म्हटलं. "भाई, हे खरंच पाण्याला आलेत."

 भाईनं कॅमेरा खांद्यावर चढवला. कलावंत माणूस, त्याला त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. बँडवाले लाल कोट घालून रांगेच्या कडेनं उभे राहिले, आणि लोकांनी त्यांनाही बिनतक्रार मान्य केलं. एका आजोबांनी त्यातल्या एकाला सलामही केला. भाई रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. कुणीही कॅमेऱ्याकडे बघून हसलं नाही. सगळे टँकर येणार त्या कोपऱ्याकडे बघत होते.

बाबा रिक्षात बसून होते. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "अगं, खोटी शासकीय सूचना झाली ही," ते पुटपुटत होते. "मी सांगतो त्यांना. मीच सांगायला हवं."

मी त्यांना थांबवायला गेले, तोवर ते खाली उतरून माइकसमोर उभे राहिले होते. आता तो झालरीचा कोट सगळ्यांना दिसला. "नागरिकहो," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला, "आपली दिशाभूल झाली आहे. टँकर येणार नाही. हे शूटिंग आहे. चूक सर्वस्वी माझी आहे."

 रांगेतल्या सगळ्यांत पुढच्या बाईनं हातातली बादली जमिनीवर आपटली. दुसरीनं आपटली. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते ओरडून विचारायला लागले आणि पुढचे ओरडून सांगायला लागले. रांग मोडली. सगळं मैदान आमच्या रिक्षाभोवती गोळा झालं. "शूटिंग?" "आमच्या घरात प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला पिक्चर सुचतोय?" बँडवाले काठ्या टाकून बाबांभोवती कडं करून उभे राहिले, अभिनय म्हणून नव्हे. भाई मात्र रिक्षाच्या टपावर चढून शूटिंग करतच होता. मला आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती.

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिला आम्ही तिच्या दृश्यासाठी थांबवून घेतलं होतं. तिनं माइक बाबांच्या हातातून घेतला, उलटा धरला, भाईनं वरून खूण करून तो सरळ करायला लावला.

"ऐका!" ती म्हणाली. "या म्हाताऱ्याला काय मारता? यो काय पानी सोडनारा हाय? पानी सोडनारा तिकरं हापिसात बसलाय. भांडी हातात हायेत, मानसं गोला झालीत. मंग हितं उभं रव्हून कशाला बोंबलता? चला तिकरं!"

पाणीपुरवठ्याचं ऑफिस मैदानापासून जवळच होतं. गर्दी क्षणभर थबकली, आणि मग कुणीतरी हसलं. त्या एका हसण्यानं सगळं बदललं. लोकांनी हंडे पुन्हा उचलले. बँडमास्तरांना काय वाटलं कुणास ठाऊक; त्यांनी रिक्षातून साइड ड्रम काढला आणि गळ्यात अडकवला. दोघांकडे ट्रंपेट होते, कारण तिथून ते नवरात्राच्या तालमीला जाणार होते. वाद्यं वाजायला लागली, आणि आमची कॉलनी रिकामी भांडी वाजवत वरातीसारखी निघाली. पुढे मावशी, तिच्या मागे मास्तरांच्या कोटातले माझे बाबा, मागे बँड, आणि सगळ्यांच्या पुढे उलटा चालणारा भाई. उलटं चालायची त्याला सवयच होती.

ऑफिसात एक तरुण इंजिनियर होता. दार उघडून बाहेर आला आणि समोर हे सगळं बघून त्यानं आधी बाबांनाच नमस्कार केला. त्यांच्या छातीवरच्या सोनेरी दोऱ्या बघून त्याला ते कोण वाटले, हे त्यानं पुढे ओळख झाल्यावरही कधी सांगितलं नाही.

"वाहिनीचं काम चालू आहे," तो म्हणाला. "टँकरसाठी तुम्ही सोमवारी अर्ज घेऊन या."

"कशाला?" मावशी म्हणाली.

"म्हणजे... नोंद करावी लागते."

"कशाला?"

"वर पाठवायला."

"वर कशाला? टँकर तर खाली उभा हाय."

खरंच ऑफिसच्या मागच्या आवारात दोन टँकर उभे होते. सगळ्यांनी तिकडे बघितलं. इंजिनियरनंही बघितलं, जणू त्याला ते आत्ताच दिसले. मग बाबा पुढे झाले. त्यांचा आवाज परत आला होता. "साहेब," ते अदबीनं म्हणाले, "तातडीच्या प्रसंगी कार्योत्तर मंजुरी घेता येते. मी स्वतः तसे प्रस्ताव लिहिलेले आहेत. आपण टँकर सोडा, अर्ज मी इथंच बसून लिहून देतो."

इंजिनियर हसला. चांगला मुलगा होता. दिवसभर त्याच्याही डोक्यावर फोन आदळत असणार. त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. टँकर फाटकातून बाहेर निघाला तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो भाईच्या कॅमेऱ्याच्या माइकला झेपला नाही. कॅसेटमध्ये तिथं नुसती खरखर ऐकू येते.

पाणी सगळ्यांना मिळालं, अंधार पडायच्या आत. बाबा ऑफिसात बसून अर्ज लिहीत होते आणि इंजिनियर त्यांना चहा पाजत होता. एक गोष्ट मात्र खरी, की सगळेच खूश झाले नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी 'फसवणूक ती फसवणूकच' म्हणाले आणि दसऱ्याला सोनं द्यायलासुद्धा आले नाहीत. बाबांना ते लागलं. ते स्वतः त्यांच्याकडे आपट्याची पानं घेऊन गेले, आणि तासाभरानं हसत वर आले. शेजाऱ्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचं काहीतरी अडलं होतं, त्यावर दोघं बोलत बसले होते.

आमच्या सिनेमाचं मात्र अवघड होऊन बसलं. मी लिहिलेल्या शेवटात बंड मोडून काढतात, बाई कैदेत जाते आणि मैदानात एक रिकामा हंडा तेवढा राहतो. भाईला तोच शेवट हवा होता. "ताई, असल्या फिल्मचा शेवट दुःखी असतो," तो म्हणायचा. "मी इतक्या बघितल्यात. कुठंही टँकर येत नाही." आम्ही मैदानात एक हंडा ठेवून तो शॉट घेतलाही. पण टीव्हीवर बघताना आम्हाला दोघांनाही हसू फुटलं. त्याआधी इतकी माणसं भांडी वाजवत गेलेली होती, की तो हंडा कुणीतरी घाईत विसरून गेल्यासारखा दिसत होता.

"राहू दे," भाई शेवटी म्हणाला. "जे झालं ते झालं. आपल्याकडे आलाय टँकर, तर आलाय."

मग कॅसेट जोडायला एका मिक्सिंगवाल्याकडे गेली. त्याच्याकडे सगळं लग्नाचं सामान होतं. त्यामुळे एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पडद्यावर बदाम उघडायचा. सर्वाधिकाऱ्यांच्या पहिल्या दर्शनाला दोन्ही बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पडतात, आणि निळ्या हातांच्या कामगारांच्या मागे सनई वाजते. भाई त्याच्याशी भांडला, पण फार नाही.

दिवाळीत आमच्या इमारतीखाली दोन टीव्ही टेबलावर ठेवून आम्ही तो दाखवला. सुरुवातीला लोक आपापली तोंडं शोधत होते. "तो बघ, आपला टब!" पण रांगेचं दृश्य आलं तसा गलका कमी झाला. इतकी माणसं, इतकी गप्प, एका कोपऱ्याकडे बघत असलेली. माझ्या शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "आपण असे दिसत होतो?"  मग मावशीनं माइक उलटा धरला आणि सगळ्यांना हसू आलं, आणि शेवटपर्यंत कुणी बसलेलं राहिलं नाही.

मावशी तिच्या गावच्या बायकांना घेऊन आली होती. सगळं संपल्यावर ती भाईकडे गेली. "मना त्यातला माजा एक फोटू पायजे," ती म्हणाली. भाईनं तिला समजावलं की कॅसेटमधून फोटो निघत नाही. ती ऐकेना. शेवटी तो म्हणाला, "स्टुडिओत या, मी तुमचा नवा फोटो काढतो, मोठा."

ती आली, आणि मी मुद्दाम बघायला गेले. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं, केसांत अबोलीचा गजरा. भाईनं दिवे लावले आणि म्हणाला, "मावशी, थोडं हसा." ती म्हणाली फोटोत हसायचं नसतं, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघत बसली की भाईनं गुपचूप बटण दाबलं. एक प्रत तिनं नेली. दुसरी त्यानं मोठी करून स्टुडिओच्या काचेत लावली, सगळ्या नवऱ्यामुलींच्या फोटोंच्या मधोमध. पुढची कितीतरी वर्षं लग्नाचं ठरवायला येणारी माणसं त्या फोटोसमोर थांबायची आणि विचारायची, ह्या कोण. भाई गल्ल्यावरून मान वर न करता सांगायचा, "आमच्या हिरोइन."